अंगावरचा टाका

मी एकदा एका आजारी पोरीला तिच्या झग्यात शिवून टाकलं होतं.

म्हणजे झगा शिवून दिला, असं नव्हे. झगा तिच्या अंगात होता, ती त्या झग्यात होती, आणि मी दुहेरी दोऱ्यानं दोन्ही खांदे बंद करून, वरून गाठ मारून, स्वतःवर खूश होऊन बसले होते. तेव्हा मी अठ्ठावन्नची होते, म्हणजे अगदीच पोरगी. अक्कल यायला दहा वर्षं बाकी होती. आता ती आली आहे असं माझी सून म्हणत नाही, मीच म्हणते.

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते, पण खरं सांगू का... हसायला वाचते. पांढऱ्या साड्या, उलटे पाय, पिंपळाखालून हाका. आमच्या घरात असल्या पाहुण्यांना कधी पाट मांडलाच नाही. बैठकीच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या, नवरा जन्मभर शाळेत विज्ञान शिकवणारा. मोहल्ल्यात कुणाच्या अंगात आलं की लोक मला बोलवायचे. मी माठातल्या गार पाण्याचा तांब्या घेऊन जायची. डोक्यावर ओतला की अंगात आलेलं निघून जायचं आणि त्यासोबत त्या बाईची माझ्याशी असलेली बोलचालही जायची. तेव्हा मी विश्वास ठेवणारी नव्हते आणि आजही नाही. पण एका गोष्टीचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी चंद्रपूरची. पठाणपुरा गेटच्या आत आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास. सून प्रज्ञा इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. त्या वॉर्डात येणारी बरीचशी लेकरं गडचिरोलीकडची. एटापल्ली, अहेरी, त्याच्याही आतली. कुणाला सिकलसेल, कुणाला रक्ताचा कॅन्सर, कुणाची किडनी. महिना महिना राहायची. आणि अंगात काय, तर मोठ्या माणसाचा हिरवा गाऊन, तिथं गाठ मार, इथं गाठ मार, खाली फरफटतोच आहे. तो घातला की लेकरू अर्धं आणखी आजारी दिसायचं.

एके दिवशी जेवताना प्रज्ञा म्हणाली, "आई, तुमच्याजवळ मशीन आहे, वेळ आहे, अन् तोंड आहे. तोंड घरी ठेवा, बाकीचं वॉर्डाले द्या."

मी दिलं. पहिली खेप अशी शिवली, अशी शिवली... फुग्याच्या बाह्या, गळ्याला लेस, पाठीला चेन. गठ्ठा घेऊन ऐटीत वॉर्डात गेले. पहिल्याच पोरीच्या हाताला सलाईन, हाताखाली पुठ्ठा बांधलेला. फुग्याच्या बाहीत तो हात शिरेना. दुसरं पोरगं दिवसभर पाठीवर पडून, त्याला चेन टोचायला लागली. तिसऱ्याच्या पोटातून नळी. प्रज्ञानं सगळा गठ्ठा परत माझ्या हातात दिला.

"आई, हे लेकरं लग्नाले नाई चालले."

मग मात्र मी शिकले. वॉर्डात जाऊन बसायची, बघायची. दोन्ही खांदे उघडे ठेवून तिथं नाड्या लावल्या, म्हणजे हात न हलवता झगा चढतो, उतरतो. बाजू उघड्या, त्यांनाही नाड्या. छातीशी नळी ठेवायला खिसा. लोखंडी बटण नाही, चेन नाही, म्हणजे एक्स-रेचा फोटो काढताना झगा काढायला नको. कापड दोनदा उकळून मऊ केलेलं. खांद्याच्या कडेला आतून जाड फीत, कारण लेकरं ओढतात. आणि पुढं चित्र, ज्याला जे पाहिजे ते. कुणाला ट्रॅक्टर, कुणाला कोंबडा, कुणाला मासे. सुई टोचायच्या वेळी रडणारं पोरगं आपल्या कोंबड्याला बोटानं दाबून धरायचं, तेवढा वेळ तरी गप्प.

मैनीला एस.टी. पाहिजे होती. लाल. पुढं पाटी पाहिजे आणि पाटीवर एटापल्ली पाहिजे. मी पाटीवर धाग्यानं अक्षरं काढली, तर तिनं आश्रमशाळेत शिकलेलं सगळं पणाला लावून एकेक अक्षर तपासलं.

"आता बरोबर हाय. नाईतं अहेरीतच उतरवून देतीन."

आठेक वर्षांची असेल. सिकलसेल, त्यात छातीत कफ धरलेला. सोबत आई, सोमी. सोमीला मराठी जेमतेम येत होती, ती बोलायची कमी आणि लेकीकडे बघायची जास्त. मैनीची मराठी मात्र वॉर्डात तयार झालेली, म्हणजे पूर्ण बिघडलेली. आणि तिला एक खोड होती. नाड्या सोडायची. बोटं अशी चपळ की आपण मान वळवली की खांद्याची गाठ गायब. झगा घसरला की नळी ओढली जायची, नळी ओढली की सुई निघायची, पुन्हा टोचायची, पुन्हा वॉर्डभर बोंब. शिरा सापडेनात. डॉक्टर म्हणाले, हात पलंगाला बांधा. ते ऐकून सोमी भिंतीकडे तोंड करून बसली.

मला राग आला. डॉक्टरचा नाही, नाड्यांचा. माझ्या झग्यापायी पोरीचा हात बांधणार?

मे महिन्यातली दुपार होती. चंद्रपूरचा मे... ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला माहीत नाही त्याला सांगून पटत नाही. प्रज्ञा औषधांच्या खोलीत गेलेली. मैनी झोपलेली. माझ्या पोलक्याला सुई नेहमी टोचलेली असते. मी दोरा ओवला, दुहेरी केला आणि नाड्यांच्या जागी सरळ टाके घालायला बसले.

शेजारच्या खाटेवर मूल गावच्या बेबीबाई, पोराची किडनी घेऊन आलेल्या. धानाची शेती, जीभ धारदार. त्या बघत होत्या.

"आजीबाई, अंगावर शिवून राह्यल्या काय?"

"हो. काऊन?"

"अंगावर शिवत नाई नं कोनी. शिवाचंच असन तं तिच्या दातात काडी द्या. नाईतं दोरा तरी द्या."

"काडी देऊ का काडेपेटी देऊ?"

"हसा तुमी. अंगावर मेलेल्याले शिवते. काडी दातात असली म्हंजे समजते का हे जित्ता मानूस हाय."

"कोनाले समजते?"

"ज्याले समजाचं त्याले," असं म्हणून त्यांनी पंखा माझ्याकडून काढून पोराकडे वळवला.

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या मायनंही अंगावरचं बटण लावताना कधीतरी दातात दोरा धरायला लावला असेल. मी बेबीबाईंना वस्तीत द्यायची ते भाषण दिलं. अंधश्रद्धा, विज्ञान, शिक्षण वगैरे. भाषण देता देता दुसरा खांदाही शिवला. आणि भाषणाच्या नादात एक गोष्ट विसरले, जी मी क्लासमध्ये पहिल्या दिवशी मुलींना शिकवते — निजलेल्या माणसाचं माप घेऊ नये. माणूस उठून बसला की कापड मागतो. मैनी पाठीवर होती. झग्याचा मागचा भाग तिच्याखाली दबलेला. मी खांदे तसेच ताणून, गळ्याशी चापूनचोपून शिवले. झोपलेल्या पोरीला झगा अगदी छान बसला.

थोड्या वेळानं मैनीचा श्वास बदलला. नाकपुड्या फुलायला लागल्या. प्रज्ञा आली, तिनं बघितलं आणि पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. ऑक्सिजन लावा, खाली आयसीयूत न्या, लगेच. स्ट्रेचर आलं. प्रज्ञानं झग्यावर चादर टाकली, त्यामुळे खांदे तिला दिसले नाहीत. ती डोक्याशी, मास्क धरून. सोमी पायाशी, सलाईनची बाटली वर धरून. आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी कुठंही शिरते.

लिफ्टमध्ये स्ट्रेचर गेलं की कडेला माणूस चपटा होऊन उभा राहील इतकीच जागा उरते. डाव्या बाजूला प्रज्ञा, उजव्या बाजूला मी, पाठ पत्र्याला टेकलेली. लिफ्टमन जेवायला गेला होता. दार बंद झालं, लिफ्ट हलली, आणि खटकन थांबली. लाईट गेली.

कोळसा आमचा, वीज आमची, राखही आमच्याच नाकात. पण लाईट जायची असली की ती बरोबर आमचीच जाते.

आत अंधार. दाराच्या फटीतून सुईच्या नेढ्याएवढा उजेड. प्रज्ञानं दार बडवलं. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, जनरेटरवर लिफ्ट नाई चालत. मानूस बलावला."

"कुठून बलावला?"

"येऊन राह्यला."

प्रज्ञाचा फोन सिस्टर रूममध्ये. माझा वर, पर्समध्ये. सोमीकडे फोनच नव्हता. हवा थांबली. घाम डोळ्यांत उतरायला लागला. सिलिंडरचा सूं असा आवाज आणि त्याच्यावर मैनीचा श्वास... तुटक, वरवरचा, कुत्र्याच्या पिलासारखा. ती जागी झाली आणि उठून बसायला धडपडायला लागली. दम लागलेलं लेकरू झोपून राहू शकत नाही, त्याला बसावंच लागतं. प्रज्ञानं तिच्या पाठीखाली हात घालून उचललं, आणि मैनीच्या घशातून असा आवाज आला की प्रज्ञानं तिला पुन्हा खाली ठेवलं.

"गळ्याले काय आवळून राह्यलं?" तिनं चाचपलं. "आई, नाड्या कुठी गेल्या?"

माझा हात पोलक्यावरच्या सुईकडे गेला.

"आई."

"शिवल्या," मी म्हणाले.

प्रज्ञानं एका हातानं मास्क धरून दुसऱ्या हातानं खांदा ओढला. फीत फाटेना. ती फीत मी लावली होती, आणि वॉर्डात सगळ्यांना सांगत फिरले होते की हा झगा हत्तीनं ओढला तरी फाटायचा नाही. खालून वर काढावा तर गळ्यातून डोकं निघेना.

"कात्री?" मी विचारलं.

"वर. ट्रेमध्ये."

"सुई आहे माझ्याजवळ," मी म्हणाले. पोलक्याची सुई काढली, बोटांनी टाका चाचपला. चष्माही वरच. घामानं सुई फिरली, निसटली, खाली कुठंतरी टिच् वाजली. संपलं.

"आई, दातानं तोडा."

"कवळी पर्समध्ये आहे."

उन्हाळ्यात हिरड्या सोलतात म्हणून मी दुपारी कवळी काढून ठेवायची. त्या लिफ्टमध्ये आम्ही चार जणी होतो. पुढच्या दातांची एकच होती जिला टाक्यापर्यंत पोचता आलं असतं, प्रज्ञा, आणि तिचा एक हात मास्कवर, दुसरा मैनीच्या मानेखाली. मान कलंडली की श्वास अडायचा. सोमी पायाशी, मधे स्ट्रेचर आणि सिलिंडर. तिला माझ्या बाजूला यायचं तर वरून उडी मारून यावं लागलं असतं.

मैनीनं माझा अंगठा धरला होता. कधी धरला ते कळलं नाही. घट्ट धरला होता.

आणि मला बेबीबाईंचं बोलणं आठवलं. मेलेल्याला अंगावर शिवतात. मी — तांब्या घेऊन फिरणारी मी — वाकून लिफ्टच्या फरशीवर हात फिरवायला लागले. झाडूची काडी तरी सापडेल म्हणून.

"काय शोधता, आई?"

"काही नाई. सुई."

काडी सापडली नाही. उठले तेव्हा अंगठ्यावरची पकड सैल झाली होती. मी बोट हलवलं. ती बोटं नुसती ठेवलेली होती, धरलेली नव्हती.

मी नखांनी गाठ कुरतडायला लागले. तेवढ्यात माझ्या हातावर हात आला.

खरखरीत, बायकी हात. मनगटापासून कोपरापर्यंत जाड कडी, एकमेकांवर घासत होती. मला वाटलं, सोमी कशीतरी पलीकडून आली. त्या हातानं माझी बोटं गाठीवरून बाजूला केली. मी चिडले. म्हणाले, "सरक नं व बाई, मले करू दे," आणि कोपरानं ढुशी मारली. (हे कोपराचं मी नंतर कुणाला सांगितलं नाही. आजारी लेकराच्या आईला ढुशी मारली, हे काय सांगायचं.) कोपर कुणाच्या तरी बरगडीला लागलं. ती सरकली नाही. धुराचा आणि मोहाच्या बियांच्या तेलाचा वास आला. एक डोकं माझ्या हनुवटीखालून पुढं वाकलं, केस माझ्या गळ्याला घासले... आणि कट्.

दोरा दातानं तोडला की जो आवाज येतो तो मी जन्मभर ऐकला आहे. तो तोच होता. मग डोकं मैनीवरून पलीकडे झुकलं, आणि पुन्हा कट्.

झगा घसरला. प्रज्ञानं मैनीला उचलून बसवलं. काही क्षण काहीच नाही. मग नळाला पाणी यायच्या आधी जशी हवा येते, तसा खरखरत श्वास आत गेला. मग आणखी एक. अंगठ्याभोवती बोटं पुन्हा आवळली.

मी म्हणाले, "शाब्बास, सोमी."

पायाच्या बाजूनं, पार दुसऱ्या टोकावरून, अंधारातून सोमी म्हणाली, "काय?"

लाईट किती वेळानं आली, सांगता येणार नाही. लिफ्ट उतरली, दार उघडलं, माणसं धावली, स्ट्रेचर गेलं. मी उजवीकडे बघितलं. तिथं पत्रा होता. पत्र्यावर माझ्या पाठीचा घाम उमटला होता, तेवढाच.

मैनी बरेच दिवस आयसीयूत होती. मी तो झगा मागून घेतला. कात्रीनं कापलेला दोरा टोकाशी सरळ असतो. दातानं तोडलेला चपटा होतो, पिंजतो. दोन्ही खांद्यांचे दोरे चपटे होते.

प्रज्ञाशी मी यावर बोलले. ती शांतपणे म्हणाली, "आई, तुम्हीच हिरड्यांनी तोडला असन. घाबरल्यावर मानूस काहीही करते." मला पटावं असं खूप वाटत होतं. म्हणून घरी येऊन दुहेरी दोरा हिरड्यांत धरून ओढून बघितला. एक दिवस नाही, आठवडाभर. नातू मोबाईलवर शूटिंग करत होता. हिरड्यांतून रक्त आलं, दोरा तसाच. डॉक्टर म्हणाले, कोंडलेली हवा, उकाडा, भीती, अशा वेळी मेंदूला भास होतात. हेही पटतं. पण भास दोरा तोडत नाही. मग विचार केला, पलीकडून प्रज्ञानंच वाकून तोडला असेल आणि तिलाच आठवत नसेल. तिला विचारलं तर म्हणाली, "मी तिची मान धरून होती. सोडली असती तर मलेच आठवलं असतं, जन्मभर." बेबीबाईंना मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत मूलला पोचलं असतं.

सोमीला मात्र सांगितलं, आयसीयूच्या बाहेर, पायऱ्यांवर. कडी, तेलाचा वास, ढुशी सोडून सगळं. तिच्या हातात काचेच्या दोन बांगड्या होत्या. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हात थंडा होता का गरम?"

"गरम."

तिनं मान हलवली आणि डबा उघडून जेवायला बसली. मी पुढं काही विचारलं, तर तिला मराठी येत नव्हती.

मी अजून झगे शिवते. आता बरेच जण शिवतात, क्लासच्या मुली, त्यांच्या सासवा. नाड्यांच्या जागी खांद्यामागे वेल्क्रोची चिकटपट्टी आली आहे, तिथं मैनीचाही हात पोचला नसता, आणि सिस्टरला मात्र एका हातानं सुटते. अंगावर टाका मी घालत नाही. कुणी घातला तर ओरडते, आणि का म्हणून विचारलं तर मापाचं कारण सांगते. हॉस्पिटलात जिन्यानं जाते, गुडघे शिव्या देतात. त्या दुपारचं काय ते मला कळलेलं नाही. कळेल असंही आता वाटत नाही.

मैनी घरी गेली तो दिवस सांगते आणि थांबते. गाडी खाली उभी होती, सोमी पिशव्या बांधत होती. मैनी खाटेवर पाय हलवत बसलेली, अंगात घरचा फ्रॉक. दोरा तुटला तेव्हा ती शुद्धीवर नव्हतीच, मान पार सैल पडली होती, असं प्रज्ञा आजही सांगते. मी तिच्या केसांना रिबन बांधत होते. तिनं मान वळवली, माझ्याकडे नीट बघितलं, मोठं माणूस लहानाला विचारतं तसं, आणि म्हणाली —

"आजी, ते म्हातारी तं तुले मदत करून राह्यली होती, तू तिले कोपरानं काऊन ढकललं?"